चाळीस मिलिलीटर

सांता क्लारातलं ते घर आम्ही घेतलं ते मागच्या खोलीसाठी. आई सहा महिन्यांकरता येणार होती आणि आधीच्या अपार्टमेंटमध्ये तिला हॉलमधल्या सोफ्यावर झोपवावं लागलं असतं. हे घर बैठं होतं, जुनं, लाकडी जमिनीवर जाड कार्पेट घातलेलं, मागे लिंबाचं झाड. घरमालकीण दुसऱ्या राज्यात राहायची. वडील वारल्यावर घर तिच्याकडे आलं होतं. तिनं व्हिडिओ कॉलवर खोल्या दाखवल्या तेव्हा मागच्या खोलीत भिंतीला लागून एक भलंमोठं लाकडी टेबल दिसलं. त्याला पितळी मुठींचे बारके बारके ड्रॉवर होते.

"वडील घड्याळं दुरुस्त करायचे," ती म्हणाली. "टेबल त्यांनी इथेच बसून बनवलं, त्यामुळे ते दारातून बाहेर निघत नाही. चालेल ना?"

आम्हाला चालण्यासारखंच होतं. गॅरेजमधलं एक शेल्फ तेवढं तिनं स्वतःसाठी ठेवलं. त्यावर वडिलांचं सामान आहे, कधीतरी येऊन आवरीन, तोवर हात लावू नका, म्हणाली.

आई नोव्हेंबरात आली. अमरावतीला पोस्टाच्या काउंटरवर तिचं आयुष्य गेलं होतं आणि रिटायर झाल्यावरही समोरचा माणूस गप्प उभा असलेला तिला सहन होत नसे. आठवडाभरात तिनं शेजारच्या चिनी आजींशी दोस्ती केली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी रोज फुटपाथवरून बोलत बोलत फिरायच्या. टपाल टाकायला येणाऱ्या बाईला थांबवून आईनं तिला पेन्शन मिळणार की नाही तेही विचारून घेतलं. ती बाई दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे बघून हात करायला लागली.

"काय थंडी आहे बाप्पा," एवढी एकच आईची तक्रार. म्हणून तिच्या खोलीत वेगळा हीटर लावून दिला. खिडकी बंद, दार बंद, खोली चुलीजवळ असावी तशी उबदार. मी घरून काम करायची. मीटिंगच्या मध्ये उठून तिच्याकडे डोकावले की ती तिथे खुर्चीत बसून वाती वळत असायची.

पहिल्यांदा बिघडला तो चहा. "तुमच्या इथल्या पाण्याला काय असतं गं?" तिनं विचारलं. "चहा पिताना जिभेवर नाणं ठेवल्यासारखं वाटतं." मी बाटलीचं पाणी आणलं. चव तीच राहिली. मग झोप गेली. मग बशीत ठेवलेला कप वाजायला लागला. टेबलावर ठेवताना नव्हे, तिच्या हातात असतानाच.

एका दुपारी चिनी आजी संत्री घेऊन आल्या. मी आईला हाक मारली. उत्तर नाही. खोलीत गेले तर खोली रिकामी. वळून बाहेर निघणार तोच दाराच्या मागे काहीतरी हललं. दार आणि भिंत यांच्या मधल्या फटीत आई अंग चोरून उभी होती.

"ती गेली का?" तिनं हळूच विचारलं.

"दारात उभी आहे. तू इथे काय करतेस?"

"तिला जा म्हणावं. मला कसंतरीच होतं. सगळे बघतात."

तिचा चेहरा लाल झाला होता. पाहायला आलेल्या मुलाकडच्यांसमोर एखादी मुलगी लाजावी तशी ती लाजली होती, आणि समोर मी होते, तिची मुलगी. त्यानंतर ती माझ्यासमोरही खुर्चीच्या कडेवर बसायला लागली. फ्रीज उघडण्याआधी "पाणी घेऊ का?" असं विचारायची. नवरा ऑफिसातून आला की पदर खांद्यावरून ओढून घेऊन आत निघून जायची. त्याला ती घरातल्या मुलासारखी एका टोपणनावानं हाक मारायची, ते बंद झालं. आईच्या अंगात कुणीतरी दुसरी, भिडस्त बाई राहायला आली होती. ती बाई आईचे कपडे घालायची, आईच्या आवाजात बोलायची, पण मला ओळखत नव्हती.

"या खोलीत आधी कोण राहायचं गं?" एका सकाळी तिनं विचारलं.

"घरमालकिणीचे वडील काम करायचे इथे. का?"

"काही नाही. ऊन आत आलं की खाली डोळे दिसतात."

"कसले डोळे?"

"बारके बारके. चकाकतात. वाकून बघायला गेलं की जातात."

मी कार्पेटवर गुडघे टेकून पाहिलं. काही नव्हतं. तिच्या समाधानासाठी कोपऱ्या-कोपऱ्यातून व्हॅक्यूम फिरवला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आता जास्त झालेत."

आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं, सगळं ठीक निघालं. एकटेपणा असेल, परका देश आहे, असं डॉक्टर म्हणाल्या आणि ते पटण्यासारखंच होतं. "होमसिक झाल्यात आई," गाडी चालवता चालवता नवरा म्हणाला. "तिकीट प्रीपोन करू या का?" मागच्या सीटवर आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही.

त्याच सुमारास तिनं बाबांशी बोलणं सोडलं. बाबा अमरावतीलाच होते. विमानाचा इतका लांबचा प्रवास त्यांना झेपणारा नव्हता. रोज ठरलेल्या वेळी त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा आणि आई आधी धावत फोन घ्यायची. आता ती "आज नको" म्हणायची, "केस विंचरले नाहीत" म्हणायची. फोन तिच्याकडे वळवला की शाल तोंडापर्यंत ओढायची. शाल तर ती आता घरातही गळ्याभोवती गुंडाळूनच असायची, हीटर चालू असताना, घाम आलेला असताना.

"मी काही बोललो का गं तिला?" बाबांनी मला विचारलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी मी तिला म्हटलं, चल, तुझं डोकं धुऊन देते. हात इतके थरथरत होते की तिला शिकेकाईचा पेला धरता येत नव्हता. ती बराच वेळ नको नको म्हणाली. शेवटी बाथरूममध्ये स्टुलावर बसली आणि मी शाल काढली.

तिच्या मंगळसूत्राच्या वाट्या पांढऱ्या झाल्या होत्या.

एक पूर्ण पांढरी, राखेनं घासलेल्या भांड्यासारखी. दुसरीवर डाग होते, मध्ये मध्ये सोनं शिल्लक. काळे मणी जसेच्या तसे. बाबांनी लग्नात घातलेलं ते मंगळसूत्र, त्याच्या वाट्या मी लहानपणी कडेवर बसून चोखल्या होत्या.

"आई, हे काय?"

तिनं मुठीत वाट्या झाकल्या.

"कधीपासून असं झालंय?"

"संक्रांतीपासून. आधी ठिपका होता. मग पसरला."

"आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलू? बोललं की खरं होतं." मग तिनं माझ्याकडे पाहिलं, कितीतरी दिवसांनी सरळ माझ्याकडे. "तुझ्या बाबांचं काही झालंय ना? तुम्ही दोघं मला सांगत नाही आहात."

"काल तर बोलले मी त्यांच्याशी. ठणठणीत आहेत."

"तू बोललीस. मी आवाज ऐकला. हल्ली गेलेल्या माणसाचासुद्धा आवाज काढतात म्हणे फोनमधून. चेहरासुद्धा काढतात."

इतके दिवस ती त्या पडद्याकडे बघायचं का टाळत होती ते मला तेव्हा कळलं. तिच्या हिशेबानं बाबा संक्रांतीलाच गेले होते आणि त्यानंतर रोज सकाळी आम्ही तिच्यासमोर कुणालातरी त्यांच्या चेहऱ्यानं बोलायला लावत होतो.

मी नळ बंद केला. तिचा हात बाजूला करून वाटी पुन्हा पाहिली आणि त्या पांढऱ्या रंगाची मला ओळख पटली. कॉलेजात माझा विषय केमिस्ट्री होता. लॅबमध्ये थर्मामीटर फुटला की आमच्या मॅडम आधी ओरडायच्या, अंगठ्या काढा. एका मुलीनं ऐकलं नाही, बोटानं गोळी उचलायला गेली, आणि तिची साखरपुड्याची अंगठी आमच्यादेखत अशीच पांढरी पडली होती. सोन्याला पारा लागला की सोनं त्याला आपल्यात घेतं.

"आई, झोपताना मंगळसूत्र कुठे काढून ठेवतेस?"

"त्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. वरच्या, डाव्या."

मी तो ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला आणि फोनचा टॉर्च आत मारला. तळाची फळी जिथे मागच्या फळीला मिळते त्या खाचेत चांदीच्या मण्यांची एक ओळ होती. ड्रॉवरच्या धक्क्यानं ते मणी थरथरले, एकमेकांकडे घरंगळले आणि दोनाचे एक होत गेले. टॉर्च जमिनीकडे वळवला, प्रकाश अगदी आडवा धरला, तेव्हा कार्पेटच्या मुळाशीही ते दिसले, मोहरीहून बारीक, खोलीभर. प्रत्येकात टॉर्चचा एकेक उजेड होता. ते खरोखर डोळ्यांसारखे दिसत होते.

हीटर बंद केला, आईला तशाच ओल्या केसांनी मागच्या अंगणात नेऊन बसवलं, खोलीचं दार लावलं, फटीला टॉवेल लावला, बाकीच्या घराच्या खिडक्या उघडल्या. मग घरमालकिणीला फोन केला.

"पारा?" ती म्हणाली. "हो, होता की. काही जुन्या घड्याळांच्या लंबकाला पाऱ्याची काचनळी असते. थंडी-उन्हाळ्यानं घड्याळ मागे-पुढे होऊ नये म्हणून. पण ती घड्याळं विकण्याआधी डॅडनी सगळा पारा परत बाटलीत भरला. पाच पौंडांची बाटली. एकच विकत घेतली होती, मी बरोबर होते. ती गॅरेजच्या शेल्फवर आहे, जा, बघा."

बाटली खोकल्याच्या औषधाच्या बाटलीएवढी होती. मी हातमोजे घालून ती सहज उचलायला गेले आणि ती हललीच नाही. कुणीतरी खालून धरून ठेवल्यासारखी. दोन्ही हातांनी उचलली तेव्हा मनगटं दुखली. शेजारी त्याच मापाची, कधी न वापरलेली एक रिकामी बाटली होती.

नवऱ्यानं स्वयंपाकघरातला वजनकाटा गॅरेजमध्ये आणून ट्रेमध्ये ठेवला. झाकण न उघडता भरलेली बाटली ठेवली, मग रिकामी. रिकामीचं वजन वजा केलं. आत पारा राहिला होता एक हजार सातशे चोवीस ग्रॅम. पाच पौंड म्हणजे दोन हजार दोनशे अडुसष्ट. पाचशे चव्वेचाळीस ग्रॅम कमी.

"अर्धा किलोच्या वर," नवरा म्हणाला. "अर्धा किलो वस्तू लपणार कुठे यार? दिसली नसती का आपल्याला?"

तो पाण्याच्या हिशेबानं बोलत होता. आपण सगळेच पाण्याच्या हिशेबानं बोलतो. एक मिलिलीटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे वजन आणि जागा एकच वाटायला लागते. पाऱ्याचा एक मिलिलीटर तेरा पूर्णांक सहा दशांश ग्रॅम भरतो. त्याच जागेत साडेतेरा पट माल. म्हणून वजनाला घनतेनं भागायचं, की किती जागा व्यापली ते निघतं. मी फोनवर भागाकार केला. पाचशे चव्वेचाळीस भागिले तेरा पूर्णांक सहा.

"चाळीस मिलिलीटर," मी म्हटलं.

"म्हणजे किती?"

मी आत जाऊन मापाच्या पेल्यानं चाळीस मिलिलीटर पाणी घेतलं आणि आमटीच्या वाटीत ओतून त्याला दाखवलं. वाटीचा तळ जेमतेम झाकला गेला. तो वाटीत बघत राहिला. अर्धा किलोची वस्तू आपल्याला शोधता आली असती. एवढंसं पाणी मात्र कुणी खोलीभर शिंपडलं असतं तर दुसऱ्या मिनिटाला कुठे गेलं ते सांगता आलं नसतं. आणि पाणी निदान वाळून जातं.

घरमालकिणीला मी परत फोन करून आकडा सांगितला.

"हात थरथरायचे त्यांचे," ती म्हणाली. "स्क्रू बसवता येईना म्हणून घड्याळं विकली. आम्हाला वाटलं, वय झालं." मग म्हणाली, "माझे वडील फार मोठ्यानं बोलणारे होते. पार्टीत त्यांचाच आवाज. शेवटची काही वर्षं मात्र मी मुलांना घेऊन आले की ते त्या खोलीतून बाहेरच यायचे नाहीत. एकदा माझ्या मुलीला ते दाराच्या मागे उभे सापडले. तिला म्हणाले, मी इथे आहे म्हणून सांगू नकोस."

मी दाराच्या मागचं काही तिला सांगितलं नव्हतं.

"जमिनीवरून काहीतरी बघतं, असंही म्हणायचे," ती म्हणाली. "तुमच्या आई कशा आहेत?"

मी खिडकीतून पाहिलं. आई अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. खुर्ची तिनं ओढत कुंपणाशी नेऊन पाठ कुंपणाला टेकवली होती, म्हणजे मागून कुणी बघू नये. भर उन्हात, आपल्या घरात. ज्या माणसाला आम्ही कधी पाहिलं नाही त्याचा लाजरेपणा, त्याचा कंप, त्याची भीती, सगळं त्या खोलीत तसंच राहिलं होतं, आणि माझ्या आईनं ते श्वासातून आत घेतलं होतं.

मग मी कळवल्यावर काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाचे, लोक आले. पांढरे पोशाख, तोंडावर मास्क, हातात हवा मोजणारं यंत्र. आम्हाला मोटेलमध्ये जायला सांगितलं, अंगावरच्या कपड्यांनिशी. त्यांनी कार्पेट गुंडाळून नेलं, माझा व्हॅक्यूम क्लीनर नेला, कारण मी दर आठवड्याला त्यानं थेंबांचे आणखी बारीक थेंब करत होते आणि हवेत उडवत होते. ते टेबल दारातून निघेना म्हणून जागेवर करवतीनं कापून पिंपांत भरलं.

त्यांच्यातल्या प्रमुख बाईंनी काम संपल्यावर मला सांगितलं, फळ्यांच्या फटींतून आणि कार्पेटखालून मिळून साधारण तीनशे चाळीस ग्रॅम गोळा झालाय. मी लगेच मनात भागलं. पंचवीस मिलिलीटर. "मग पंधरा कुठे गेले?" मी विचारलं.

"काही घराखालच्या मातीत असतील," त्या म्हणाल्या. "बाकीचे उडून गेले. उबदार खोलीत तो हळूहळू उडत राहतो. वास नाही, रंग नाही."

उडून कुठे गेले ते मी विचारलं नाही.

आईच्या लघवीत पारा सापडला, खूप. आमच्या दोघांतही होता, थोडा. तिला तो बाहेर काढणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. चहाची चव का बिघडली, झोप का गेली, लाज का वाटायची, सगळ्याची कारणं नव्या डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितली. लाज वाटणं हेही लक्षण असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पण कारण कळल्यानं आईचं समाधान झालं नाही. मोटेलमध्ये बाबांचा फोन आला तेव्हा ती पलंगाच्या पलीकडे जाऊन बसली.

"त्यांना म्हणावं, फोन घेऊन स्वयंपाकघरात जा," ती मला म्हणाली.

"बाबा, ती सांगते तसं करा."

"काय झालंय हिला?" बाबा म्हणाले, पण उठले. फोन हलत हलत गेला, ओळखीची भिंत, कॅलेंडर, गॅसचा ओटा.

"आता शेगडी दाखवा म्हणावं."

बाबांनी शेगडी दाखवली. आई हळूहळू पलंगावरून सरकत माझ्या खांद्यापाशी आली. बराच वेळ बघत राहिली.

"दूध उतू गेलं होतं तुमचं," ती म्हणाली. "पुसलं नाही. वाळून खपली झालीये."

"पुसतो," बाबा म्हणाले.

"आजचं नाही ते. दोन दिवसांचं आहे."

"अगं पुसतो म्हटलं ना."

तिनं फोन माझ्या हातातून घेतला. तो तिच्या हातात थरथरत होता, पण तिनं तो खाली ठेवला नाही.

मंगळसूत्राचं काय करायचं ते तिनंच ठरवलं. सोनाराकडे तापवलं तर त्याच्या दुकानात पुन्हा तीच वाफ झाली असती. तिनं ते पिशवीत सील करून त्या काउंटीच्या बाईंच्या हातात दिलं आणि गळ्यात काळ्या मण्यांची पोत घातली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ती रडली नाही. "जाऊ दे बाप्पा ते," एवढंच म्हणाली.

आम्ही फ्रीमाँटला अपार्टमेंट घेतलं. सुरुवातीला ती तिथेही भिंतीला पाठ लावून बसायची. एप्रिलात एकदा लिफ्टमधून वर येताना तिनं एका अनोळखी माणसाला विचारलं, तुमच्या मजल्यावर पाणी नीट येतं का. तो गडबडून गेला. मी लिफ्टच्या भिंतीकडे तोंड केलं, माझे डोळे भरले होते. मे महिन्यात ती अमरावतीला परत गेली. सुई ओवायला तिला दिवाळी उजाडली. नंतर कधी अमेरिकेला ये म्हटलं तर ती येईन म्हणते, पण तारखेवर येत नाही.

घरमालकिणीनं घर विकलं नाही, पाडलं. त्यानंतर एकदा तिचा फोन आला. आईला बरं वाटायला किती दिवस लागले, ते तिला हवं होतं. मी सांगितलं. मग ती म्हणाली, एक विचारू का, तुमच्या आईला विचाराल का, त्या खोलीत त्यांना नेमकं काय वाटायचं? डॅड कधी बोलले नाहीत. ते घाबरलेले होते का, तेवढं मला कळलं तर बरं होईल.

मी आईला फोनवर विचारलं.

"तिला सांग, भीती आम्हाला पुढे वाटली, आधी नव्हती," आई म्हणाली. "आधी नुसतं असं वाटायचं की आपल्या माणसांनी आपल्याला असं बघू नये. आपली माणसं आली की जास्त वाटायचं, परक्यांचं एवढं नाही. तिचा बाप तिच्यावर रागावला नव्हता म्हणावं."

ती "आम्हाला" म्हणाली, ते मी इंग्रजीत सांगताना तसंच ठेवलं.